गेमच्या डबीवरचा शिक्का आणि आतली गोडी

निन्टेंडोचं स्विच २ हे यंत्र ५ जून २०२५ ला विक्रीला आलं आणि पहिल्या चार दिवसांत त्याचे ३५ लाखांहून जास्त नग खपले. नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर अशा भागांतल्या घरांत ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मावशीच्या बॅगेतून येतं, नाहीतर आयात माल ठेवणाऱ्या एखाद्या दुकानातून. पोरं दोन दिवस हवेत असतात. तिसऱ्या दिवशी आईबाबांपुढे पेच उभा राहतो. टीव्हीवरच्या ऑनलाइन दुकानात गाड्या पळवायचा एक गेम ८० डॉलरला, म्हणजे सात हजारांच्या आसपास, आणि दुसरा दोन डॉलरला. दोन्हींवर रंगीत रस्ता, दोन्हींवर हसरी पात्रं. पोरगं म्हणतं, महागवालाच हवा. बाबा म्हणतात, "अरे, गाड्याच पळवायच्या ना?"

बाबांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर गेम कोण बनवतं, कोण विकतं आणि त्यावर "चांगला आहे" असा शेरा कोण मारतं, हे बघावं लागतं. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पुष्कळ जण चकित होतात: असा शेरा अधिकृतपणे कोणीच मारत नाही.

यंत्र एकाचं, गेम दुसऱ्याचा

टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र म्हणजे कन्सोल. स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स ही त्यातली आजची नावं. कन्सोल बनवणारी कंपनी एक. गेम प्रत्यक्ष घडवणारा स्टुडिओ दुसरा, म्हणजे चित्रं काढणारे, प्रोग्रॅम लिहिणारे, संगीत देणारे लोक. या दोघांच्या मध्ये असतो प्रकाशक. तो पैसे घालतो, गेम तपासून घेतो, भाषांतरं करवून घेतो, जाहिरात करतो आणि बाजारात आणतो. काही वेळा हे सगळं एकच कंपनी करते. निन्टेंडो स्वतःच्या यंत्रासाठी स्वतःही गेम काढते. शिवाय युबिसॉफ्ट, कॅपकॉम, सेगा, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स असे बाहेरचे प्रकाशक तिच्या यंत्रावर आपापले गेम आणतात.

यात लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की गेम "झाला, आता विका" हे ठरवणारा माणूस प्रकाशकाच्या ऑफिसात बसतो. स्टुडिओतली पोरं कितीही म्हणोत की अजून चार महिने द्या, दिवाळीचा किंवा नाताळचा मुहूर्त गाठायचा की नाही हे तो ठरवतो. म्हणून दर्जाचा प्रश्न फिरून फिरून प्रकाशकाच्याच दारात येतो.

निन्टेंडोबद्दल थोडं. ही जपानमधल्या क्योटोची कंपनी, १८८९ साली सुरू झालेली, आणि सुरुवातीचा धंदा पत्त्यांचा. घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचं, हे त्यांच्या धंद्यात पहिल्यापासून आहे. १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या यंत्राचं नावच त्यांनी फॅमिली कॉम्प्युटर ठेवलं होतं.

कागद तीन, आणि तिघांचं काम वेगळं

"कुटुंबासाठी योग्य", "मंजूर" आणि "दर्जेदार" हे तीन शब्द जाहिरातीत एकत्र येतात आणि ग्राहकाच्या डोक्यात त्यांचा एकच लगदा होतो. ते सुटे करायला आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण पुरे.

निफाड-दिंडोरीकडची द्राक्षं युरोपात जाण्याआधी बागेतून नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत औषधांचा उर्वरित अंश तपासतात, तो रेसिड्यू रिपोर्ट. २०१० साली एका वाढनियंत्रकाचा अंश जास्त सापडल्याने युरोपने आपली द्राक्षं नाकारली होती, तेव्हापासून या रिपोर्टची किंमत प्रत्येक बागायतदाराला नीट ठाऊक आहे. पण रिपोर्ट चांगला आला म्हणजे द्राक्ष गोड आहे का? ते तो रिपोर्ट सांगतच नाही. द्राक्ष खाल्ल्याने अपाय होणार नाही, एवढंच तो सांगतो. गोडी येते ती छाटणीपासून काढणीपर्यंत बागायतदाराने काय केलं त्यावर, आणि साखर भरायच्या आत घड उतरवायचा मोह त्याने टाळला का यावर.

गेमचंही असंच. पहिला कागद वयाचा. अमेरिकेत ईएसआरबी नावाची संस्था १९९४ पासून गेमला वयाची अक्षरं देते; आज ती ई (सगळ्यांसाठी), टी (किशोरांसाठी), एम (मोठ्यांसाठी) अशी आहेत. युरोपात पेगी ही संस्था ३, ७, १२, १६, १८ असे आकडे देते. गेममध्ये रक्त, शिव्या, जुगार असं काय आहे, हे त्यातून कळतं. याच्या मागची हकिकत मजेशीर आहे. १९९३ साली मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम घरच्या यंत्रांवर आला, तेव्हा निन्टेंडोने आपल्या यंत्रावर रक्ताच्या जागी राखाडी घाम दाखवायला लावला. तेव्हा स्वतःचं यंत्रही विकणाऱ्या सेगाच्या यंत्रावर मात्र एक गुप्त कोड दाबला की रक्त दिसायचं. कोणता जास्त खपला हे सांगायला नको. त्याच डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी वयाची अक्षरं आली.

दुसरा कागद मंजुरीचा. कन्सोलवर येणारा प्रत्येक गेम यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीतून जातो; निन्टेंडोकडे तिला लॉटचेक म्हणतात. गेम अचानक बंद पडतो का, मधेच रिमोटचा सेल संपला तर काय होतं, खेळाची नोंद जपली जाते का, बटणांची नावं बरोबर लिहिलीत का, असं सगळं त्यात पाहतात. हा झाला आपला रेसिड्यू रिपोर्ट.

आणि तिसरा कागद, गोडीचा, तो अस्तित्वातच नाही. गेम मन रमवतो का, दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो का, चार वर्षांची मुलगी आणि तिची आजी तो एकत्र खेळू शकतील का, हे कोणतीही यंत्रणा प्रमाणित करत नाही. तिथे प्रकाशकाची बांधिलकी असली तर असते, नसली तर नसते.

एकेकाळी विरळणी होत होती

पूर्वी अशी गोडी राखायचा प्रयत्न झाला होता, तोही जबरदस्तीने. १९८० च्या आसपास अमेरिकेत अटारी कंपनीचं यंत्र घराघरांत होतं. त्यावर कोण गेम काढतो यावर कंपनीचा ताबा राहिला नाही. ज्याला त्याला वाटलं, आपणही काढावा. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेसुद्धा व्हिडिओ गेमचा विभाग उघडला होता. खुद्द अटारीने १९८२ च्या नाताळसाठी एका गाजलेल्या चित्रपटावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत तयार करवून घेतला. न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ साली तो उकरूनही काढला. लोकांचा विश्वास उडाला आणि १९८३ मध्ये जवळपास ३२० कोटी डॉलरचा असलेला अमेरिकी बाजार १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आला, असे आकडे नेहमी दिले जातात.

या पडझडीनंतर निन्टेंडो १९८५ साली अमेरिकेत उतरली, ती कुलूप घेऊनच. यंत्रात एक चिप आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींचं जुळलं नाही तर गेम चालूच होत नसे. शिवाय एका प्रकाशकाने वर्षाला पाचच गेम काढायचे, कॅसेट निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायच्या आणि पैसे आधी भरायचे. डबीवर दर्जाचा सोनेरी शिक्का. बागायतदार घडातले मणी विरळतो ते उरलेल्या मण्यांनी फुगावं म्हणून. पाचाच्या मर्यादेमागे तोच हिशोब होता. वर्षाला पाचच गेम काढता येणार असतील तर प्रकाशक त्यातला एकही टाकाऊ कामावर घालवणार नाही.

अर्थात पळवाटा निघाल्याच. कोनामी या प्रकाशकाने अल्ट्रा नावाची वेगळी कंपनी काढली आणि आपले जास्तीचे गेम तिच्या नावाने विकले.

आपल्याकडे मात्र हे कुलूप कधी पोचलंच नाही, आणि याचे पुरावे नाशिकच्या कितीतरी माळ्यांवर अजून पडून असतील. नव्वदच्या दशकात आपण ज्याला नुसतं "व्हिडिओ गेम" म्हणायचो ती यंत्रं म्हणजे निन्टेंडोच्या जपानी यंत्राच्या नकला. त्या मूळ जपानी यंत्रात कुलपाची चिप नव्हती, त्यामुळे कोणीही कॅसेट बनवावी आणि विकावी. पिवळी कॅसेट, वर ९९९९ इन १ असं छापलेलं. फुंकर मारून खोबणीत बसवायची आणि यादीत बाणाने खाली खाली जायचं. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा गेम, रणगाडे. आणि चारपाच पानं उलटली की पुन्हा मारिओ, फक्त नाव वेगळं आणि सुरुवात थेट पुढच्या लेव्हलपासून. खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळी भरती. तरी आपण दुकानात आकडा बघूनच कॅसेट घ्यायचो, हे कबूल करायला हरकत नसावी.

वीचा सुकाळ

२००६ च्या नोव्हेंबरात निन्टेंडोने वी नावाचं यंत्र आणलं आणि प्रश्न नव्याने उभा राहिला. वीचा रिमोट हातात धरून टेनिसच्या रॅकेटसारखा फिरवायचा. बटणं लक्षात ठेवायची गरज नाही. त्यामुळे आजोबा बोलिंग खेळू लागले. पुढे दहा कोटींहून अधिक यंत्रं खपली.

आता प्रकाशकाच्या खुर्चीत बसून बघा. ग्राहक प्रचंड. त्यातले बरेच पालक, जे गेमची समीक्षा वाचत नाहीत. ते मुलाच्या वाढदिवसाला डबीवरचं ओळखीचं कार्टून बघून गेम घेणार. यंत्राची ताकद त्या वेळच्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सपेक्षा कमी, म्हणून गेम बनवायचा खर्चही कमी. विकत घेणारा एक आणि खेळणारा दुसरा, आणि घेणाऱ्याला बरंवाईट ओळखता येत नाही. असा ग्राहक मिळाला की वाईट माल चांगल्याला बाजारातून हाकलतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. वीवर ते डोळ्यांदेखत घडलं. जुन्या यंत्रावरचा गेम उचलायचा, "उडी मारायला बटण दाबा" याच्या जागी "उडी मारायला रिमोट झटका" एवढाच बदल करायचा आणि फावड्याने ओढल्यासारखे असे गेम दुकानात ओतायचे. दहा मिनिटांत मनगट दुखतं, उडी कधी लागते कधी लागत नाही, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच खेळता येत नाही.

यातला शिकण्यासारखा दाखला युबिसॉफ्टचा. त्यांनी वीसोबतच रेड स्टील नावाचा बंदुका आणि तलवार चालवायचा गेम आणला. आपण हात जसा फिरवू तशी तलवार फिरेल, अशी सगळ्यांची कल्पना. पण पहिल्या रिमोटला तितकी बारीक हालचाल कळतच नव्हती. काही ठरावीक झटकेच ओळखले जायचे. समीक्षकांनी झोडपलं, तरी तो दहा लाखांवर खपला. पुढे निन्टेंडोने रिमोटला जोडायचा जास्त अचूक भाग आणला. युबिसॉफ्टने त्यावर बेतून दुसरा भाग नव्याने रचला आणि २०१० मध्ये काढला. तो जोडभाग नसेल तर हा गेम खेळताच येत नाही, एवढी ठाम अट घातली. तलवार या वेळी हाताबरोबर फिरली, समीक्षाही बऱ्या आल्या. विक्री मात्र पहिल्या भागाच्या जवळपासही गेली नाही.

म्हणजे घाई केली तेव्हा पैसे मिळाले आणि मेहनत घेतली तेव्हा मिळाले नाहीत. हिशोबनीसाने यातून काय धडा घेतला असेल ते सांगायला हवं का? मला वाटतं, कौटुंबिक यंत्रावर दर्जा टिकत नाही तो लबाडीपेक्षा या साध्या गणितामुळे.

मग बांधिलकी दिसते कुठे?

जाहिरातीतल्या "आम्ही दर्जाला बांधील आहोत" या वाक्यात ती दिसत नाही. ते वाक्य फुकट आहे. प्रकाशकाने स्वतःचं काय नुकसान सोसलं, तिथे बघायचं.

सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं. मेट्रॉइड प्राइम ४ हा गेम निन्टेंडोने २०१७ मध्ये जाहीर केला. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, शिन्या ताकाहाशींनी, व्हिडिओत येऊन सांगितलं की काम आमच्या अपेक्षेला उतरलेलं नाही, म्हणून दुसऱ्या स्टुडिओकडे देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय. गेम आला डिसेंबर २०२५ मध्ये. झालेलं काम टाकून द्यायचं, वर जगासमोर तसं सांगायचं, आणि शेअरबाजारात नोंदलेली कंपनी असताना! एका मारिओ गेमच्या वेळी तर सुरुवातीच्या कल्पना आजमावायच्या टप्प्याला मुदतच घातली नव्हती, असं तो बनवणाऱ्यांनीच सांगितलं आहे. पण निन्टेंडोलाही हे दरवेळी जमत नाही. नोव्हेंबर २०२२ मधले पोकेमॉनचे दोन गेम अडखळत, चित्रं तुटत आले. खरेदी झाली तीन दिवसांत एक कोटी नगांची.

दुसरी जागा तपासणीची. मंजुरीपुरतं तपासणं वेगळं आणि खरं तपासणं वेगळं. निन्टेंडोची मारिओ क्लब नावाची उपकंपनी हेच काम करते. तपासणारा माणूस खेळाडूने करू नये ते सगळं मुद्दाम करतो. गेमची नोंद होत असताना रिमोट बंद करतो, कथेच्या मध्यावर यंत्र झोपवतो, चौघांनी एकाच क्षणी चार वेगळी बटणं दाबली तर काय होतं ते बघतो, भिंतीवर दोनशे वेळा गाडी आपटतो. घरात लहान मूल दहा मिनिटांत हे सगळं सहज करतं, त्यासाठी पगार लागत नाही. म्हणूनच कौटुंबिक यंत्रावर ही तपासणी जास्त कडक हवी. खुद्द वीच्या बाबतीत सुरुवातीला रिमोटची मनगटाची दोरी तुटून रिमोट उडाले, काहींचे टीव्ही फुटले. डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली. माणसं उत्साहात किती जोरात हात फिरवतात, याचा अंदाज त्यांनाही आला नव्हता.

तिसरी जागा बारीक आहे, पण मला सगळ्यात बोलकी वाटते. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये एक सोय आहे: ती चालू ठेवली की गाडी रस्त्याबाहेर पडायला लागताच गेम तिला हळूच आत वळवतो. दुसरी सोय चालू केली की वेगाचं बटण धरून ठेवावं लागत नाही. त्यामुळे पाच वर्षांचा मुलगा, सवयीची ताई आणि पहिल्यांदाच रिमोट हातात घेतलेली आजी एकाच शर्यतीत उतरतात आणि आजी दरीत पडत नाही. ही सोय करायला प्रत्येक रस्त्याचं प्रत्येक वळण तपासावं लागतं. डबीवरच्या चित्रात ती दिसत नाही, तिच्यामुळे पहिल्या आठवड्यात एक नगही जास्त खपत नाही. पण २०१७ पासून हा गेम ६ कोटी ८० लाखांहून जास्त खपला, तोही किंमत फारशी न उतरवता. दर्जाचे पैसे मिळतात ते असे, वर्षानुवर्षं. तिमाही बघणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

"पण समीक्षक म्हणतात ते सगळं खरं कशावरून?"

कशावरूनच नाही. युबिसॉफ्टचाच जस्ट डान्स हा नाचाचा गेम २००९ मध्ये वीवर आला तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली: रिमोटला अर्धा नाच कळतच नाही, सोपा आहे, उथळ आहे. लोकांनी तो लाखोंनी घेतला. त्याची मालिका इतकी चालली की २०१९ च्या शेवटी, वी बाजारात येऊन १३ वर्षं झाल्यावरही, तिचा नवा भाग वीवर निघाला. आपल्या पुण्यातल्या युबिसॉफ्टच्या स्टुडिओनेही या मालिकेवर काम केलं आहे.

मी याला वाईट गेम म्हणणार नाही. सोफे बाजूला सारून हळदीच्या रात्री पंधरा माणसांनी नाचायचं असेल तर पाऊल अचूक मोजलं जातं की नाही याने काय फरक पडतो? गेमने जे कबूल केलं ते दिलं. रेड स्टीलने तलवार कबूल केली आणि झटके दिले. दर्जा मोजायचा तो या कबुलीच्या मापाने, चित्रं किती चकाकतात त्याने नाही.

"मुलांचं तर आहे, थोडं उन्नीसबीस चालतंच की"

हा युक्तिवाद घराघरांत ऐकू येतो आणि मला तो नेमका उलटा वाटतो. मोठ्या माणसाला गेम अडकला तर तो चिडतो, बंद करतो, यूट्यूबवर उपाय शोधतो. सात वर्षांच्या मुलाला इंग्रजीतली चूक-सूचना वाचता येत नाही. आठवडाभर जमवलेली नोंद उडाली की ते रडतं आणि घरचे म्हणतात, "बरं झालं, अभ्यास कर." मूल परत मागायला जात नाही, तक्रार लिहीत नाही. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्यासाठी बनवताना जास्त काळजी लागते.

"मग महाग तोच चांगला समजायचा का?"

नाही. होलो नाइट हा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या मोजक्या माणसांनी केलेला गेम, १५ डॉलरचा. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एका माणसाने एकहाती बनवून २०१६ मध्ये काढला, तोही १५ डॉलरलाच. दोन्ही स्विचवर आहेत आणि पाच पट किमतीचे कित्येक गेम त्यांच्यापुढे फिके पडतात. दुसरीकडे, पूर्ण किमतीला विकलेला सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये मंजुरीचे सगळे टप्पे ओलांडून जुन्या प्लेस्टेशनवर आला आणि इतका मोडकळीला आलेला होता की प्लेस्टेशनवाल्या सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. पुढच्या जूनमध्ये तो परत आला. रेसिड्यू रिपोर्टवरून गोडी कळत नाही म्हणतात ती अशी. इथे तर रिपोर्टच ढिला निघाला.

हाच गेम २०२५ मध्ये स्विच २ सोबत आला तेव्हा प्रकाशकाने तो ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण घालून दिला, म्हणजे इंटरनेटवरून उतरवायची गरज ठेवली नाही, तेही पदरचा जास्त खर्च करून. (गेम प्रौढांसाठीचा आहे. यंत्र कौटुंबिक म्हणून त्यावरचा प्रत्येक गेम मुलांचा असतो असं नाही. डबीवरचं वय बघायचंच.)

"निन्टेंडोने कचरा अडवावा ना!"

आज स्विचच्या ऑनलाइन दुकानात एकाच गाजलेल्या गेमच्या डझनभर नकला दिसतात. तयार चित्रं विकत घेऊन जोडलेल्या, काहींची मुखपृष्ठं एआयने काढलेली. किंमत अगदी कवडीमोल करून डाउनलोडच्या यादीत वर चढायचं आणि मग किंमत वाढवायची, ही बरीच वर्षं त्यांची चाल होती. त्या दुकानात ग्राहकांचे तारे किंवा शेरे दिसत नाहीत, त्यामुळे आधी फसलेला माणूस पुढच्याला सावध करू शकत नाही. हे मला अजिबात पटत नाही, आणि याचा दोष यंत्रवाल्या कंपनीचाच आहे.

पण जुनी पाचाची मर्यादा परत आणावी का? ती असती तर स्टारड्यू व्हॅलीच्या एकट्या माणसाला दारात कोणी उभं केलं नसतं. आधी पैसे भरून कॅसेट बनवून घेणं त्याला परवडलंच नसतं. त्या काळी कुलूप निन्टेंडोच्या हातात असल्याने प्रकाशकांची मुस्कटदाबीही झाली. एका यंत्रावर दिलेला गेम दोन वर्षं दुसरीकडे नेऊ नये अशी अट होती. दार पूर्ण उघडलं की कचरा येतो आणि पूर्ण लावलं की नवा माणूस बाहेर राहतो. निन्टेंडोने स्वतःच २००३ मध्ये अमेरिकेतल्या शिक्क्यातला दर्जाचा उल्लेख काढून तो नुसता अधिकृत शिक्का केला. आम्ही गोडीची हमी देत नाही, असंच ते सांगत होते, फक्त हळू आवाजात.

आपल्याकडच्या सरकारकडून यात काही अपेक्षा ठेवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालणारा आहे. मुलाचा शर्यतीचा गेम बरा आहे की वाईट, हा त्याचा विषयच नाही.

दुकानात उभं राहून

एम. जी. रोडच्या एका दुकानात एक बाई डबी उलटसुलट करत विचारत होत्या, "दादा, यात गेम आहे ना?" दुकानदार म्हणाला, "आहे ना ताई, सील पॅक आहे." दोघंही खोटं बोलत नव्हते. पण डबीच्या पुढच्या बाजूला खाली पांढऱ्या पट्टीत किल्लीचं छोटं चित्र होतं. त्याचा अर्थ असा की आतलं कार्ड म्हणजे फक्त किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि खेळताना दरवेळी कार्डही लावावं लागतं. काही डब्यांत तर कार्डही नसतं, नुसत्या कागदावर कोड असतो. घरचं नेट मंद असेल आणि यंत्रातली जागा भरलेली असेल तर वाढदिवसाची संध्याकाळ टक्केवारी बघण्यात जाते. ही किल्लीची पद्धत स्विच २ बरोबर आली, आणि कोणता प्रकाशक पूर्ण कार्डाचा खर्च सोसतो, कोण किल्लीवर भागवतो, हे डबी हातात धरल्या धरल्या कळतं. जपानहून स्वस्तात यंत्र आणणाऱ्यांनी आणखी एक बघावं: तिथलं स्वस्त स्विच २ फक्त जपानी भाषेत चालतं.

बाकी ओळखायला वेळ लागत नाही. डबीच्या मागे प्रकाशकाचं नाव असतं, त्याने आधी काय काढलं आहे ते फोनवर दोन मिनिटांत सापडतं. यूट्यूबवर कंपनीची जाहिरात न बघता कोणीतरी प्रत्यक्ष खेळतानाचा व्हिडिओ बघा, पहिली दहा मिनिटं न कापलेला. बऱ्याच गेमचा फुकट नमुनाही त्याच ऑनलाइन दुकानात असतो. तो मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. मूल पुन्हा सुरू करतं की यादीत दुसरं काही शोधायला लागतं, तेवढं पुरतं.

आणि दोन डॉलरचा गेम घ्यायचाच असेल तर घ्या, फक्त एक माहीत असू द्या: डाउनलोड केलेल्या गेमचे पैसे निन्टेंडो सहसा परत करत नाही आणि तो दुसऱ्याला विकताही येत नाही. कार्डातला असेल तर पोराचं मन भरल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर टाका, संध्याकाळपर्यंत कोणीतरी येऊन घेऊन जाईल.